आईचा हात पोचेल अशी मशीन

आमच्या घरी वॉशिंग मशीन घ्यायचं ठरलं ते आईच्या गुडघ्यापायी, असं आम्ही सगळ्यांना सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. ते आईला माहीत होतं आणि मला माहीत होतं. फक्त मला माहीत आहे, हे आईला माहीत नव्हतं.

वडील गेल्यावर आई खापरखेड्याला एकटीच राहायची. नागपुरात रामदासपेठेत तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मी तिला माझ्या घरी घेऊन आले. डॉक्टरांनी बजावलं होतं, खाली बसायचं नाही, वाकायचं नाही, आणि पडायचं तर मुळीच नाही. आईनं शहाण्या मुलीसारखी मान डोलावली. घरी आल्यावर तिनं पहिलं काम काय केलं, तर आमच्या धुणंभांड्याच्या बाईला ताकीद दिली की माझ्या कपड्यांना हात लावायचा नाही. मला वाटलं, म्हातारपणाचा हेका. आमच्या घरात हेका आईकडूनच आलेला आहे, त्यामुळे मला तो लांबून ओळखू येतो.

मग एकदा बाल्कनीत कूलरमागे पिळून कोंबलेली चादर सापडली. दुसऱ्या वेळी परकर. ऑपरेशननंतर आईला लघवी आवरत नव्हती. पलंगावरून उठून, वॉकर धरून, संडासापर्यंत पोचेस्तोवर उशीर व्हायचा. बेसिनपाशी उभी राहून ती ते कपडे मगानं खळबळून काढायची आणि लपवून वाळवायची. एवढंच असतं तर मी गप्प बसले असते. पण ऐन उन्हाळ्यात, तोही नागपूरचा, या बाईनं पाणी पिणं कमी केलं होतं. उशाशी तांब्या ठेवावा तर तो जसाच्या तसा भरलेला. मला इतका संताप आला की काय सांगू! डॉक्टरकडे नेते म्हटलं तर म्हणे, मले काय झालं?

सरळ विचारायची सोय नव्हती. कारण ती बोलून चुकली होती की ज्या दिवशी माहे कपडे दुसऱ्यानं धुतले, त्या दिवशी मी तुह्या घरी राहत नाही. आणि आई जे बोलते ते करते. मी तिची झाकली मूठ उघडली असती तर ती वॉकर घेऊन खापरखेड्याच्या बसमध्ये बसली असती आणि तिथे एकटी, तहानलेली, बाथरूममध्ये पडली असती. माझ्या डोळ्यांपुढे ते चित्र कायम असायचं. तेव्हा तिला उभ्यानं, एकटीला, कुणाला न बोलावता कपडे धुता येतील अशी मशीन घरात यायला हवी होती.

आता माझ्या नवऱ्याबद्दल. तो कुठलीही वस्तू घेण्याआधी मोबाइलवर तिचा अभ्यास करतो. मिक्सर घ्यायचा होता तेव्हा त्याचा अभ्यास इतका लांबला की एक अख्खा हिवाळा मी चटण्या पाट्यावर वाटल्या. या वेळी त्याचं मत पडलं, समोरून दार उघडतं ती मशीन घ्यावी, पाणी कमी लागतं आणि कपडे झिजत नाहीत. सगळं खरं होतं. पण तिच्यात कपडे घालायला वाकावं लागतं. मी म्हटलं, आईला वाकायचं नाही. तो म्हणाला, आईंनी कशाला वाकायचं, आपण आहोत ना. माणूस चांगला आहे, त्यामुळेच त्याच्याशी भांडता येत नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार तो हाच.

आम्ही तिघं रिक्षा करून बर्डीच्या बाजारात गेलो. दुकानात विक्रेत्यानं आईला खुर्ची दिली, ती तिनं घेतली नाही. समोरून उघडणाऱ्या मशीनपुढे वॉकर टेकवून तिनं विचारलं, यात नीळ कधी टाकायची? विक्रेता जरा गोंधळला. आमच्याकडे पांढऱ्या कपड्यांचं महत्त्व मोठं आहे. बुद्धपौर्णिमा म्हणा, जयंती म्हणा, दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायचं म्हणा, सगळे पांढऱ्यात, आणि त्या पांढऱ्याला शेवटच्या पाण्यात नीळ दिलेली नसेल तर आई त्या माणसाकडे तो आजारी असल्यासारखं बघते. विक्रेत्यानं सांगितलं की एकदा मशीन सुरू झाली की दार बंद होतं, मध्येच उघडत नाही, पण काचेतून कपडे दिसतात. आई म्हणाली, हे तर जेलमध्ये भेटाले गेल्यासारखं झालं. नवऱ्याचा इतक्या दिवसांचा अभ्यास तिथेच संपला.

दोन टबांची मशीन मीच नको म्हटली. तिच्यात ओले कपडे एका टबातून उचलून दुसऱ्यात टाकावे लागतात, आणि ओली चादर उचलणं आईच्या कमरेला झेपलं नसतं. राहिली ती जुन्या पद्धतीची, वरून झाकण असलेली. झाकण उघडा, कपडे सोडा, बटण दाबा, मध्येच थांबवून नीळ ओता. आईचा चेहरा उजळला. तिनं झाकण दोनतीनदा उघडून पाहिलं. मग इकडेतिकडे बघून तिनं हात आत घातला, अगदी खांद्यापर्यंत. मी मोबाइल बघत असल्याचं नाटक केलं. लहान मशीनमध्ये तिची बोटं तळाला लागली. तिनं ती तळावरून फिरवलीसुद्धा. शेजारच्या मोठ्या मशीनमध्ये हात अधांतरीच राहिला. आई ठेंगणी आहे.

माझ्या मते निकाल लागला होता. मी विक्रेत्याला म्हटलं, लहान द्या.

आई म्हणाली, मोठी घ्या.

मी थक्क झाले. तिनं तर हात घालून बघितलं होतं! पण आईच्या डोक्यात दसरा होता. कुही गावाकडचे आमचे नातेवाईक दसऱ्याला आमच्याकडे उतरतात. आमच्या घरून दीक्षाभूमी पायी जाण्यासारखी आहे, म्हणून सगळा गोतावळा आमच्याच हॉलमध्ये. रात्री सतरंज्या, सकाळी पोह्यांचं पातेलं, आणि दर्शन करून परतले की पांढऱ्या कपड्यांचा हा ढीग. पाहुण्यांचे पांढरे कपडे धुऊन, नीळ देऊन, घडी घालून परत द्यायचे, ही आईची जुनी रीत. खापरखेड्याला असतानाही ती दसऱ्याआधी माझ्याकडे यायची ती निळीची बाटली पिशवीत घालूनच. आता तिचं म्हणणं पडलं की मशीन घेऊन राहिलो तर एवढीशी काहून, माणसं येतात आपल्या घरी, लोक काय म्हणतील.

मी पाण्याचं कारण सांगितलं, बाल्कनीतली जागा सांगितली, विजेचं बिल सांगितलं. नाकापेक्षा मोती जड कशाला, असंही म्हटलं. खरं कारण जिभेच्या टोकावर होतं आणि ते गिळावं लागत होतं. समोरच्या बाजूला आई, तीही तिचं खरं कारण गिळून नीळ-नीळ करत उभी. काचेच्या मशीनचं दुःख अजून ताजं असलेल्या नवऱ्यानं सासूची बाजू घेतली. दोघांपुढे माझं काय चालणार? वर्षातल्या एका दिवसाच्या पाहुण्यांसाठी आम्ही रोजची मशीन घेतली. आमच्यासारख्या घरांतच हा शहाणपणा चालतो. आमच्याकडे पातेली, गाद्या, पाण्याची टाकी, सगळं दसऱ्याच्या मापाचं आहे.

मशीन बाल्कनीत बसली आणि सुरुवातीला मला वाटलं, मीच उगाच घाबरले. आई बटणं चटकन शिकली. सकाळी मी आंघोळीला गेले की तिची मशीन सुरू. मी बाहेर येईपर्यंत झाकण बंद, आत घुर्रघुर्र, आणि आई शेजारी खुर्ची टाकून पेपर वाचत बसलेली. कूलरमागे पुन्हा काही सापडलं नाही. मुख्य म्हणजे तांब्या रिकामा व्हायला लागला. ऑफिसला निघताना मी तो उचलून बघायचे, हलका लागला की बरं वाटायचं. बायका कशाकशानं खूश होतात!

चादर मोठी असते, ती वरच राहते, हाताला लागते. लहान कपडे मात्र पिळून झाले की तळाशी चिकटून बसतात. ते ती कसे काढत असेल, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही.

एका रविवारी मी उशिरा उठले, तोवर नळाचं पाणी गेलं होतं, म्हणून आंघोळीला न जाता बाल्कनीत आले. तर आई पाटावर चढलेली. जेवायला बसायचा आमचा लाकडी पाट, तो मशीनला लावून, वॉकर लांब ठेवून, कमरेपासून वरची आई पूर्ण मशीनच्या आत. नव्या गुडघ्याचा पाय पाटाच्या अगदी काठावर होता. मी ओरडले नाही, ओरडले असते तर ती दचकली असती. मागून जाऊन कमरेला धरलं. तिनं आतूनच विचारलं, कोण आहे. मी म्हटलं, मी. ती तशीच थांबली, बाहेर येईना. तिच्या मुठीत ओला परकर होता आणि तो तिला माझ्यापुढे काढायचा नव्हता.

राग आणि भीती यांतलं काय जास्त होतं, ते मला आजही सांगता येणार नाही. तिला खाली उतरवून खुर्चीत बसवलं आणि म्हटलं, “आई, मले माहीत आहे. पहिल्यापासून माहीत आहे.”

तिनं परकर मांडीवर घेतला आणि त्यावर दोन्ही हात ठेवले. ती खाली रस्त्याकडे बघत होती. मला वाटलं, आता पिशवी, बस, खापरखेडा. मग ती बोलली, पण माझ्याशी बोलल्यासारखं नाही.

“तुह्या बाबाचं सगळं मीच धुतलं. शेवटी शेवटी तर त्याले उठताच येत नव्हतं. मले कधी किळस नाही आली. पण मी चादर काढाले गेली की तो तोंडावर हात घे अन् रडे. रोज रडे. मले तसं नव्हतं रडाचं वं, तुह्यापुढे.”

वडील अंथरुणाला खिळले तेव्हा मी सुटीच्या दिवशी खापरखेड्याला जायचे. ते नेहमी स्वच्छ चादरीवर, स्वच्छ बनियनमध्ये पडलेले असायचे, माझ्याशी पेपरातल्या बातम्यांवर वाद घालायचे. ते रडायचे, हे मला पहिल्यांदा कळत होतं. पण आईपुढे हळवं व्हायची मला सवयच नाही, मग माझ्या तोंडून निघालं ते असं:

“रडाचं असन तर रड. पाटावर चढून नको रडू.”

आई हसली नाही, रडलीही नाही. तिनं परकर माझ्या हातात दिला. मग मशीन आणि भिंतीच्या फटीत एक झाकलेली बादली होती, तिच्याकडे बोट दाखवलं. त्यात आजची चादर होती, अजून धुवायची. मी बादली ओढली, झाकण काढलं. आई माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हटलं, टाकीत साठवलेलं पाणी आहे, तेच गरम करून ओतते.

“गरम नको,” आई म्हणाली. “पहिले थंड पाण्यातून काढ. गरम पाण्यानं वास बसून जाते.”