पुढची डावी सीट

माझे मोठे दीर गाडी कधी मागत नाहीत. "उद्या गाडी लागेल," एवढंच म्हणतात आणि किल्लीसाठी हात पुढे करतात. ते सायवनला, घरच्या शेतीवर, आम्ही मसोलीला. गाडी माझी, माझ्या पगारातून घेतलेली, आणि चालवतेही मीच, कारण स्टिअरिंग हातात आलं की माझ्या नवऱ्याला घाम फुटतो. मी रानशेतच्या बाजूला एका शाळेत शिकवते. वाटेत मुलीला तिच्या शाळेत सोडते. ती माझ्या शेजारी पुढे बसायची आणि रस्ताभर बडबडायची.

श्रावणात दीर कुणाच्या तरी साखरपुड्यासाठी गाडी घेऊन तलासरीला गेले आणि गाडी बरेच दिवस आलीच नाही. "टेम्पोवाल्याने जरा घासली," ते फोनवर म्हणाले. "इथे माझ्या दोस्ताचं गॅरेज आहे. तू डोक्याला ताप करून घेऊ नको." घेऊन आले तेव्हा गाडी नव्यासारखी चकाकत होती. मुलगी धावत गेली. दिरांनी स्वतः पुढचं डावं दार उघडून तिला बसवलं, पट्टा लावून दिला, गालगुच्चा घेतला. मी कौतुकाने बघत उभी होते. ते आठवलं की अजून माझं डोकं सणकतं.

दुसऱ्या दिवशी किल्ली फिरवली तर समोर जत्रा. स्टिअरिंगचं पिवळं चिन्ह, टायरमधली हवा तपासा असा संदेश, घड्याळात भलतीच वेळ. मी दिरांना फोन केला.

"काय ते दिवे-बिवे," ते हसले. "तू कुठलं तरी बटण दाबलं असशील. बायकांच्या हातात गाडी दिली की हेच होणार. नसेल जमत तर इथे आणून लाव, मी वापरीन."

त्यांच्या मनात काय होतं ते एका दमात बाहेर आलं होतं. मी फोन ठेवला आणि ठरवलं, या दिव्यांचा अर्थ मी लावीन, आणि यांना तोंडावर सांगेन.

डहाणू रोडला एक गॅरेजवाला आहे, घरी गुजराती बोलणारा, माझ्याशी मराठीत. त्याने बॉनेट उघडलं आणि लगेच मिटलं. "बेन, दुरुस्त करताना बॅटरी काढली होती त्या गॅरेजवाल्यांनी. बॅटरी काढली की गाडी थोडं विसरते. स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, हवा भरून ते बटण दाबून धरा. जाईल सगळं." गेलंही. मी घड्याळ लावलं आणि स्वतःवर खूश होऊन घरी आले. म्हणजे दिव्यांना घाबरायचं कारण नव्हतं. घाबरायला हवं होतं ते न लागणाऱ्या दिव्याला, पण तेव्हा मला ते कुठे ठाऊक होतं.

आमच्या शाळेतल्या एका बाईंकडे अशीच गाडी आहे. एकदा त्यांच्यासोबत निघाले. त्यांनी किल्ली फिरवली तेव्हा बाकीच्या दिव्यांबरोबर एक लाल चिन्ह लागलं, बसलेला माणूस आणि त्याच्यापुढे गोल फुगा, आणि क्षणभराने विझलं. "हे कसलं?" मी विचारलं. "एअरबॅगचं. गाडी स्वतःला तपासते ना सुरुवातीला," त्या म्हणाल्या. मी माझ्या गाडीत जाऊन बसले. किल्ली फिरवली, बंद केली, पुन्हा फिरवली. सगळे दिवे लागले, तो लाल माणूस काही लागला नाही. गाडीच्या पुस्तिकेत स्वच्छ लिहिलं होतं की तो सुरुवातीला लागलाच पाहिजे.

तशीच त्या गॅरेजवाल्याकडे गेले. त्याने यंत्र जोडलं आणि एरवी पानाच्या टपरीपर्यंत ऐकू जाणारा त्याचा आवाज एकदम उतरला. डाव्या बाजूचा डॅशबोर्ड त्याने बोटांनी चाचपला. "इथे सांधलंय, वरून रंग मारलाय," तो म्हणाला. "बेन, गाडी घासली नव्हती, ठोकली होती. डावी एअरबॅग फुटली. यांनी नवीन बसवलीच नाही, नुसतं झाकण चिकटवलं. आणि दिवा बोंबलू नये म्हणून आतून काळी पट्टी लावली." मग हात पुसत म्हणाला, "माझं नाव मात्र कुठे घेऊ नका."

मी गाडीत बसून रडले. दुःखाने नाही, संतापाने. ज्या सीटवर माझी मुलगी रोज बसत होती, तिच्यासमोर पोकळी होती आणि वर रंग होता. त्या दिवसापासून तिला मागे बसवलं. "मागून समुद्राकडची नारळाची झाडं मोजता येतात," असं काहीतरी सांगितलं.

आता प्रश्न एकच होता. दिरांना हे माहीत होतं का? नुसतं विचारलं असतं तर दोस्तावर ढकलून मोकळे झाले असते. "मलाही फसवलं गं," म्हणाले असते, आणि घरादाराने त्यांचीच पाठ थोपटली असती. माझा नवरा म्हणाला, "सोड ना, नवीन बसवून घेऊ." मला सोडायचं नव्हतं. समजूतदार सून म्हणवून घ्यायची हौस माझी केव्हाच फिटली आहे. मला त्यांना सगळ्यांसमोर, त्यांच्याच तोंडाने उघडं पाडायचं होतं.

आमच्या घरी नवं भात देवीला दाखवल्याशिवाय कुणी तोंडात घालत नाही. डोंगराच्या कडेने रस्ता जातो, तिथे देवीचं ठाणं आहे. भाताची टोपली घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईने मांडीवर घ्यायची आणि पुढे बसायचं. हाकणारा सोडला तर टोपलीच्या पुढे कुणी असता कामा नये. बैलगाडी होती तेव्हापासूनचं हे आहे. अलीकडे दिरांची जीप जायची. यंदा मी सासूबाईंना आधीच फोन केला. "आई, माझ्या गाडीने जाऊ. जीपमध्ये तुमची कंबर दुखते." त्या लगेच हो म्हणाल्या. दिरांना कळलं ते थेट अंगणात, सगळे तयार होऊन उभे असताना.

सासूबाई टोपली घेऊन आल्या. मी दार उघडून धरलं. किल्ली माझ्या मुठीत होती आणि त्या तिथे बसल्या असत्या तर मी गाडी सुरू करणारच नव्हते.

"आई, तू मागे बस," दीर म्हणाले.

अंगणातले सगळे वळून बघायला लागले. सासूबाई थांबल्या. "मागे? टोपली घेऊन?"

"पुढे ऊन लागेल तुला."

"ऊन तर मागल्या खिडकीत आहे," मी म्हणाले. "काय आहे भाऊजी पुढे, सांगा ना. आईंना का नको?"

त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. माझा नवरा गोठ्याकडे निघाला होता, तोही थांबला.

"नसेल सांगायचं तर मी सांगते," मी म्हणाले. "तिथली एअरबॅग फुटलीय. गाडी तलासरीला ठोकलीत आणि तिथे नुसतं झाकण लावून आणलंत. स्वतःच्या आईला त्या सीटवर बसवायला तुमचा जीव होत नाही. माझ्या मुलीला तुम्ही हाताला धरून बसवलंत."

"मी नवीन बसवणार होतो नंतर," ते पुटपुटले. "दोस्त म्हणाला, काही होत नाही."

माझा आनंद मी लपवला नाही. हे ऐकायलाच मी इतके दिवस तोंड शिवून बसले होते.

सासूबाईंनी माझ्या मुलीकडे पाहिलं, मग मोठ्या मुलाकडे. टोपली घेऊन त्या मागच्या सीटवर बसल्या आणि मुलीला जवळ ओढलं. "तू बस पुढे," त्या दिरांना म्हणाल्या. "देवीला काय सांगायचं ते मी सांगेन."

बैलगाडीपासूनची रीत त्यांनी अशी एका वाक्यात मोडली. दीर पुढे बसले. मी पट्टा लावायची आठवणही करून दिली नाही, त्यांनीच चाचपडत लावला.

डोंगराच्या पहिल्या वळणावर त्यांनी डॅशबोर्डवर हात टेकला आणि टेकलेलाच ठेवला. समोरून येणारा प्रत्येक ट्रक बघून पाय आखडत होते.

"जरा हळू चालव गं," शेवटी ते म्हणाले.

मी काट्याकडे पाहिलं. मुलीला शाळेत नेताना चालवते, त्याच वेगाने चालवत होते.