वानखड्यांचा उसना ड्रायव्हर

दर शनिवारी सकाळी वानखडे पुण्याच्या कॅम्पातल्या एका दुकानातून गोल्फची नवी काठी आणायचे आणि सोमवारी ती स्वच्छ पुसून परत करायचे. ड्रायव्हर म्हणतात तिला. पहिला लांब टोला मारायची, मोठ्या डोक्याची काठी. विकत घेण्याआधी गिऱ्हाइकाने ती वापरून पाहावी, अशी दुकानाची सोय होती. वानखड्यांनी त्या सोयीचं व्रतच केलं. बाजारात आलेला एकही ड्रायव्हर त्यांच्या हातून सुटला नाही आणि एकही त्यांच्या घरी राहिला नाही. "आमच्या काठ्यांची परीक्षा तुम्ही घेता, वानखडे," दुकानदार एकदा म्हणाला, "विकत घेणारे लोक वेगळे असतात." वानखडे हसले आणि त्यांनी दुसरी काठी मागून घेतली.

हा माणूस गोल्फवेडा असणार, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात त्यांना त्या खेळाचा मनापासून तिटकारा होता.

हडपसरच्या आयटी कंपनीत आम्ही शेजारी शेजारी बसायचो. मी नारायण पेठेतली, त्यामुळे कुणाचं कौतुक करायची फारशी सवय नाही. पण इतका सरळ माणूस मी दुसरा पाहिला नाही. मूळचे अकोल्याचे. बायको नागपूरला सरकारी नोकरीत, मुलगी गौरी तिच्याजवळ. कंपनीची नागपूरला शाखा निघाली तेव्हा बदलीसाठी पहिले वानखडेच सान्यांकडे गेले. साने म्हणजे आमचे साहेब. नेमका त्याच हिवाळ्यात आमचा मोठा क्लायंट वॉल्टर अमेरिकेहून आला. येताना वाटेत त्याला येरवड्याचं गोल्फचं मैदान दिसलं होतं. जेवताना त्याने सहज विचारलं, "तुमच्यापैकी गोल्फ कोण खेळतं?" क्लायंटला 'नाही' म्हणायचं नाही, हे आम्हाला नोकरी लागल्या लागल्या शिकवलेलं. जो तो आपल्या ताटात पाहू लागला. सान्यांनी वानखड्यांकडे पाहिलं आणि वानखडे "मी खेळतो" म्हणून बसले.

दुसऱ्या दिवशी मैदानावर त्यांनी चेंडूपेक्षा माती जास्त उडवली. वॉल्टर आरामात जिंकला. तेव्हापासून तो दर हिवाळ्यात यायचा आणि आल्या आल्या "माझा जोडीदार कुठाय?" म्हणून विचारायचा. बदलीचा विषय काढला की साने खांद्यावर हात ठेवत. "अहो वानखडे, अख्खा प्रोजेक्ट तुमच्यावर उभा आहे. तुम्ही गेलात तर वॉल्टर खेळणार कुणाशी?"

एकदा डबा खाताना वानखड्यांनी मला आपला बेत सांगितला. ऑफिसात ते पुस्तकी मराठी बोलत. डब्यासमोर मात्र वऱ्हाडी बाहेर यायची.

"हारणाऱ्या माणसाले कोण सोडते, ताई? एक डाव त्याले हरवतो. चिडला की दुसरा गडी शोधते, अन् मी सुटतो."

"मग एखादा चांगला ड्रायव्हर विकतच घ्या की."

"दोन घरं चालवतो मी. अन् विकत घेतला तं लोक मले खेळणाराच म्हणतीन ना बाप्पा!"

मी मनसोक्त हसले. पण गौरीच्या शाळेचं गॅदरिंग हटकून वॉल्टरच्याच आठवड्यात यायचं. तिचा नाच वानखड्यांनी कधी पाहिला नाही, फक्त फोटो पाहिले. ते मला दाखवून म्हणायचे, "डावीकून तिसरी." एके वर्षी असाच फोटो दाखवून ते जागेवरून उठले आणि बराच वेळ परत आले नाहीत. आले तेव्हा तोंड धुतलेलं होतं. मला सान्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त वानखड्यांचा. एवढा थोर इंजिनिअर, आणि एक शब्द तोंडातून निघू नये?

गौरी नववीत होती त्या हिवाळ्यात एक उसना ड्रायव्हर त्यांच्या हाताला असा बसला की चेंडू दिसेनासा झाला. जेवणाची व्यवस्था पाहायला मीही मैदानावर गेले होते. वॉल्टर चक्क हरला. पण चिडायचं सोडून त्याने वानखड्यांना मिठी मारली. "वा! पुढच्या वर्षी याची परतफेड करणार मी!"

वानखड्यांचा चेहरा पडला. मग ते हळूच म्हणाले, "नाही, सर." "मला हा खेळ आवडत नाही. मला नागपूरला जायचंय. माझ्या घरी."

सान्यांचा चेहरा पांढराफटक पडला. वॉल्टर गोंधळून एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहू लागला. "मलाही कुठे आवडतो?" तो म्हणाला. "माझी कंबर दुखते. पण साने म्हणाले, तुमचा गोल्फवर फार जीव आहे, वर्षभर माझी वाट बघता. म्हणून खेळत आलो."

वानखडे मटकन गवतावर बसले आणि हसत सुटले. पोट धरून हसले. त्या हसण्याने मला फार वाईट वाटलं.

बदली लगेच झाली. वॉल्टरनेच सान्यांना तसं लिहिलं म्हणे. मी आनंदाने ऑफिसभर पेढे वाटले. नागपूरला पोचल्यावर दुसऱ्या दिवशी वानखड्यांचा फोन आला.

"झालं ना मनासारखं?" मी विचारलं.

"झालं, ताई." "गौरीनं दार उघडलं. पाणी देलं, पाहुण्यांचा टॉवेल काढून देला. अन् विचारते कशी, बाबा, या वेळी किती दिवस?"

"मग? सांगितलं नाही का तिला?"

"सांगितलं ना. हो म्हणाली. अन् रात्री माही गादी हॉलमधेच टाकली."