काका नको म्हणाले होते

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलाला नाही. एकदा डॉक्टरांनी ब्लडप्रेशर बघता बघता सहज विचारलं, "काही टेन्शन आहे का?" तेव्हा जिभेवर आलं होतं. "नाही हो, काही नाही," म्हणालो आणि शर्टाची बाही खाली केली. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. ओळखीच्या माणसाला सांगायची हिंमत असती तर ही वेळच आली नसती.

कुठून सुरुवात करू? धबधब्यापासूनच करतो. नाही — आधी माझ्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर मी तसं का केलं हे कळणार नाही. तसं ते मलाही पुरतं कळलेलं नाही.

मी एका कारखान्याचं स्टोअर सांभाळतो. नट, बोल्ट, बेअरिंग. तीस वर्षं तेच करतोय. आम्ही लालबागची खोली सोडून भाईंदरला इंद्रलोकमध्ये राहायला आलो, तेव्हा मला इथे कुणी ओळखत नव्हतं. मग सोसायटीतल्या चार-सहा जणांना घेऊन मी रविवारी सकाळी फिरायला जायला लागलो. आधी खाडीपर्यंत, मग खारी गावापलीकडे, मग पावसाळ्यात चेणे गावाच्या जंगलात. लोक मला 'लीडर' म्हणायला लागले. मी चांगले बूट घेतले, गळ्यात शिट्टी अडकवली, एक दोर आणला. तो दोर कधी वापरावा लागला नाही, पण तो खांद्यावर असला की मी वेगळा माणूस असायचो. कंपनीत मला कुणी काही विचारत नाही. रविवारी सगळे मलाच विचारायचे.

त्या ग्रुपमध्ये मृणाल होती. दुसऱ्या मजल्यावर राहते, आम्ही चौथ्या. तेव्हा चौतीस-पस्तीसची असेल. पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती. तिचा नवरा प्रसाद माझ्या चांगल्या ओळखीतला, पण त्याला डोंगर-बिंगर आवडत नाही, तो रविवारी झोपायचा. मृणाल मात्र चढाला सगळ्यांच्या पुढे असायची. मला दादा म्हणायची. म्हणते. अजूनही म्हणते.

आणि लहानूकाका. चेण्याच्या आत, जंगलाच्या कडेला एक पाडा आहे, तिथले. आमच्यासारख्यांना धबधब्यापर्यंत वाट दाखवायचे. साठीच्या आसपासचे, काटकुळे, अनवाणी, हातात कोयता. इथे मी 'काका' आणि 'ते' लिहितोय. तेव्हा मी त्यांना सरळ "ए लहानू" म्हणायचो. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा माणूस. बाकीचे काका म्हणायचे, मृणाल तर पहिल्या दिवसापासून म्हणायची. मला वाटायचं, लीडरने असंच बोलायचं असतं.

वाट सोपी नाही. पाड्याच्या मागची भाताची खाचरं संपली की कारवीचं रान लागतं. त्यातून अर्धा-पाऊण तास वाकून चालायचं, मग ओढ्यातले धोंडे, शेवाळलेले. शेवटी एक उभा कातळ — मुळांना धरून चढायचा. वर गेलं की खालचा धबधबा आणि त्याचा डोह. बहुतेक लोक तिथेच थांबतात. आणखी वर, ओढा ओलांडून, दुसरा धबधबा आहे. तो मोठा. मी तिथे एकदाच गेलो होतो, तेही दिवाळीनंतर, पाणी आटल्यावर. पण ग्रुपमध्ये मी सांगायचो की वरचा धबधबा मला तळहातासारखा माहीत आहे.

गणपती होऊन गेले होते. त्या रविवारी आम्ही सात जण होतो. पाऊस नव्हता, ऊन पडलं होतं. मी, मृणाल आणि काका पुढे होतो, बाकीचे मागे. डोहापाशी पोचल्यावर काका पाण्याकडे बघत उभे राहिले. वाकून ओंजळीत पाणी घेतलं आणि टाकून दिलं.

"सायेब, आज वरती न्हाय जायाचा," ते म्हणाले. "पानी गढूल झालाय. डोंगरावर पाऊस हाय."

वर आकाश निळंशार होतं. मी "बरं बरं" म्हणालो.

हे फक्त दोघांनी ऐकलं. मी आणि मृणालने.

मग खालून हाक आली. आमच्यातले एक वयस्कर गृहस्थ कातळाखाली बसले होते, पायात गोळा आला होता. काका त्यांना आणायला उतरले. बाकीचे मागेमागे वर आले आणि एका मोठ्या धोंड्याआड डबे उघडून बसले. मी मृणालला म्हणालो, "चल, वरचा बघून येऊ. दहा मिनिटं."

"काका नको म्हणाले ना?"

"त्याला काय, त्याला लवकर घरी जायचंय."

हे वाक्य मी बोललो. ती हसली आणि माझ्या मागे निघाली. का नाही निघणार? मी लीडर होतो ना.

जाताना ओढ्याला पोटरीपर्यंत पाणी होतं. वरचा धबधबा बघितला, तिने फोटो काढले. परत आलो तेव्हा पाणी चहाच्या रंगाचं झालं होतं आणि मांडीपर्यंत चढलं होतं. आवाजही बदलला होता. मी घाबरलो. आधी मी ओलांडलं. खांद्यावर दोर होता — तो आठवला नाही असं म्हणणं सोपं आहे. आठवला होता. पण तो सोडायचा, एक टोक तिच्याकडे टाकायचं, म्हणजे पाण्यात आणखी थांबायचं. मी थांबलो नाही. काठावर चढलो आणि मगच मागे वळलो, तेव्हा ती पडलेली होती. डोकं एका धोंड्यावर आपटलं होतं आणि पाय दोन दगडांच्या मध्ये अडकून वेडावाकडा झाला होता. ती ओरडली ते अजून माझ्या कानात आहे.

मी शिट्टी वाजवत राहिलो. पाण्यात उतरलो नाही.

काका कुठून आले मला कळलं नाही. ते सरळ पाण्यात शिरले, तिचं डोकं वर धरलं, पाय सोडवला. बाकीचे धावत आले तोवर त्यांनी तिला काठाशी आणलं होतं. तिच्या पायाला कोयत्याने तोडलेल्या दोन काठ्या लावून बांधल्या आणि तिला पाठीवर घेतलं. त्या कातळावरून, त्या धोंड्यांतून, दीड तास. कुणी बदली करू म्हणालं तर म्हणायचे, "तुमचा पाय घसरल." मी तिची सॅक उचलली होती. एवढंच वजन मी उचललं.

हॉस्पिटलमध्ये तिला आत नेलं आणि प्रसाद आला. पांढराफटक पडलेला. त्याने मला दोन्ही खांद्यांना धरलं. "दादा, तिकडे कशाला गेलात?"

आता इथे मी थांबतो जरा.

खरं सांगायला किती शब्द लागले असते? माझी चूक झाली. तीन शब्द. मी म्हणालो, "लहानूनेच सांगितलं. बिनधास्त जा म्हणाला, पाणी काही नाही."

ते कुठून आलं मला ठाऊक नाही. आधी ठरवलेलं नव्हतं. पण बोललो आणि प्रसादचे हात माझ्या खांद्यांवरून सुटले — तो राग दुसरीकडे वळला हे मला दिसलं. आणि मला बरं वाटलं. लाज वाटायला हवी होती, बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रसाद त्याच्या दोन मित्रांना घेऊन पाड्यावर निघाला. घर दाखवायला मला सोबत घेतलं. मी नाही म्हणू शकलो असतो. काका अंगणात बसून टोपली विणत होते. आम्हाला बघून उठले. पहिलं काय विचारलं असेल? "ताई कशी हाय?"

प्रसादने त्यांच्या थोबाडीत मारली. त्यांची बायको आणि सून दारात उभ्या होत्या, त्यांच्यासमोर. मग कॉलर धरून हिंदीत, मराठीत जे तोंडाला येईल ते. काकांनी हात उचलला नाही. फक्त म्हणाले, "मी 'जा' न्हाय सांगलेला. सायेबांना इचारा. सायेब, सांगा ना."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हणालो, "काका, आता खोटं कशाला बोलताय तुम्ही?"

त्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा मी काका म्हणालो, अहो-जाहो केलं, ते हे वाक्य बोलताना. त्यांनी माझ्याकडे बघितलं. राग नव्हता त्या बघण्यात. एखादं झाड ओळखायला चुकलो की काय असं बघावं, तसं बघितलं. मग खाली बसले. टोपली पुन्हा हातात घेतली. प्रसाद गाडीत बसल्यावर रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला होता.

तुम्हाला वाटेल, हाच माझा गुन्हा. मलाही बरेच दिवस तसं वाटायचं. पण हे घाबरून झालं. पुढचं घाबरून झालेलं नाही.

मृणालच्या नडगीत रॉड घातला. डोक्याला टाके पडले, पण डॉक्टर म्हणाले, मेंदूला काही नाही, नशीब. चार महिन्यांनी ती काठी घेऊन घरात फिरायला लागली. एके दिवशी दुपारी मी आणि बायको भेटायला खाली गेलो. प्रसाद कामावर होता. तिने चहा ठेवला, माझी बायको बाहेरच्या खोलीत तिच्या मुलीशी खेळत होती. मृणाल ओट्याला टेकून हळूच म्हणाली, "दादा, एक विचारू? काका आपल्याला नको म्हणाले होते ना? गढूळ पाण्याचं काहीतरी म्हणाले होते. मला सारखं तेच आठवतंय. प्रसादला म्हटलं तर तो म्हणतो, दादांनी वेगळंच सांगितलं."

आवाजात संशय नव्हता. ती खरंच मला विचारत होती. माझ्यावर विश्वास होता म्हणून विचारत होती. मला वेळ होता. कुणी मारायला आलं नव्हतं. चहा उकळत होता, मी त्याच्याकडे बघितलं, विचार केला — नीट विचार केला — आणि म्हणालो, "तुझ्या डोक्याला मार लागला होता ना, मृणाल. असं होतं. आधीच्या कुठल्या तरी रविवारचं तू या दिवसात मिसळतेयस."

तिने गॅस बारीक केला. मग म्हणाली, "हो का? असेल." आणि गाळणी शोधायला लागली. गाळणी समोरच होती.

पाय बरा झाला. थोडी लंगडते, तेही पावसाळ्यात. पण त्या दुपारनंतर ती स्वतःला विचारायला लागली. गॅस बंद केला का, म्हणून जिन्यातून परत वर जायची. मुलीच्या शाळेत मीटिंग आज की उद्या, प्रसादला तीनदा फोन. वर्षभराने तिने लॅब सोडली. का, तर रक्ताच्या बाटलीवर नाव चुकीचं लिहिलं गेलं तर? कुणाचा तरी रिपोर्ट कुणाला जाईल. एकदाही चुकलं नव्हतं तिचं. डॉक्टरांना पुन्हा दाखवलं, त्यांनी पुन्हा सांगितलं की स्मरणशक्ती व्यवस्थित आहे. तिला पटलं नाही. मी सांगितलेलं पटलं होतं ना.

आता ती घरी शिकवण्या घेते. प्रत्येक गोष्ट वहीत लिहून ठेवते. माझी बायको तिच्याबद्दल बोलताना म्हणते, बिचारी, त्या अपघातानंतर पहिल्यासारखी राहिली नाही. मी मान हलवतो.

काकांनी लोकांना नेणं सोडलं. खरं तर लोकांनीच त्यांना सोडलं. आमच्या ग्रुपवर, शेजारच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं की त्या म्हाताऱ्यावर भरवसा ठेवू नका. कुणीतरी म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही. ते वाचून मी त्याखाली पसंतीचा अंगठा टाकला होता. तोही मीच.

गेल्या पावसाळ्यात घोडबंदर रोडने येताना चेण्याच्या फाट्यावर बाईक पंक्चर झाली. दुरुस्त होईपर्यंत रस्त्याच्या कडेला उभा होतो. समोर पाड्यावरच्या बायका रानभाज्या घेऊन बसल्या होत्या, त्यांच्यात काका होते. कंटोळीचे वाटे मांडलेले. मी तोंड फिरवायच्या आत त्यांनी मला बघितलं. लपण्यासारखं काही नव्हतं. पुढे गेलो.

"ताईचा पाय कसा हाय?"

"बरा आहे. चालते."

त्यांनी एक वाटा प्लास्टिकच्या पिशवीत भरला. "डोक्याला लागलेला तिच्या. समदा आठवतो ना तिला?"

मला वाटलं, आता. आत्ता बोलायचं. आजूबाजूला कुणी ओळखीचं नाही. मी म्हणालो, "त्या दिवसाचं नाही आठवत."

ते पिशवीला गाठ मारत होते. गाठ पुरी झाल्यावर मान वर केली.

"मंग आपल्या दोघांनाच आठवतो," म्हणाले. पिशवी माझ्या हातात दिली आणि पुढच्या बाईला भाव सांगायला लागले.

कंटोळी घरी आणली. बायकोने भाजी केली, मी ती खाल्ली.

काका अजून आहेत. पावसाळाभर फाट्यावर बसतात. मृणाल माझ्या दोन मजले खाली राहते, दुपारी घरीच असते. दोघांकडे जाऊन यायला मला तास-दीड तास पुरेल. सहा वर्षं झाली. मी गेलेलो नाही.