नळीच्या मानेवरचा पीळ

माझी मावशी डावखुरी. प्रयोगशाळेत सगळे तिला ‘डावरी’ म्हणत, अगदी तोंडावर, आणि ती खुशाल ओ देई. काका तिथेच, शेजारच्या टेबलावर. त्यांचं लग्न तिथे जमलं आणि भांडणंही तिथेच उरकायची, कारण घरी येईपर्यंत दोघांतही त्राण उरत नसे. मी शिकायला त्यांच्याकडे राहत होते आणि बऱ्याचदा प्रयोगशाळेतही जाऊन बसे, त्यामुळे हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलंय.

मावशीचं काम काय, हे सांगायला लागलं की पाहुणे घड्याळ बघायचे. जेवणातलं मीठ तेलात विरघळत नाही, हे कुणालाही ठाऊक असतं. पण काही क्षारांचे कण एवढे थोराड असतात, की ते तेलाच्या जातीच्या, पाण्याशी हाडवैर असलेल्या द्रवातही विरघळतात. मात्र तो द्रव गरम हवा. निवला की सगळं फाटतं, क्षाराने गच्च भरलेला थर खाली आणि जवळजवळ कोरा थर वर. आणि प्रमाण नेमकं साधलं असेल तर फाटण्याच्या जरासं आधी तो स्वच्छ द्रव दुधाळ होतो. ज्या तापमानाला हे घडतं, त्या एका आकड्यावर मावशीचा जीव होता.

अडचण एकच होती. उबेत ठेवलेला हा क्षार हळूहळू नासतो आणि तो आकडा घसरत जातो. त्यामुळे कुणाच्याच आकड्यावर कुणाचा भरवसा नसे. मावशी म्हणे, क्षार नासतो तो आत राहिलेल्या ओलाव्यामुळे. तिने सुकवण्याची स्वतःची रीत बसवली, एक नळी भरली आणि गरम पाण्याच्या टाकीत सोडली. वर्षभर अखंड उबेत राहूनही आकडा हलला नाही तर मावशी खरी. हलला तर तिची उमेदीची वर्षं पाण्यात.

नळी बंद करणं हे तिचं खास काम. बर्नरच्या ज्योतीत काचेची मान मऊ करायची आणि चिमट्याने ओढता ओढता पिळायची. टाकी सांभाळणं काकांकडे. आठवड्यातून एकदा ते पाणी अगदी कणाकणाने निववत, मावशी टाकीच्या काचेला नाक लावून बसे, आणि नळी दुधाळ झाली की काका ओरडत, “डावरे, तोच!” तोच आकडा. पुन्हा पुढच्या आठवड्यात तोच. मावशी घरी यायची ती हवेत तरंगत. त्या वर्षी मला उगाचच नवे बूट मिळाले.

वर्ष भरत आलं तेव्हा बाहेरचे दोन तज्ज्ञ नळी बघायला येणार असं ठरलं. आदल्या दिवशी मावशीच्या लक्षात आलं, की नळी धरणाऱ्या पकडीचं रबर कुजलंय. नळीची मान त्या पकडीत झाकलेली असे. टाकीच्या काचेतून दिसे ते फक्त पोट. तिने रबर बदलायला पकड उघडली आणि तशीच उभी राहिली.

काचेवरचा पीळ उलटा होता.

डावऱ्या हाताने पिळलेली काच एका अंगाने वळते, उजव्या हाताने पिळलेली दुसऱ्या. नळी कशीही फिरवा, पीळ बदलत नाही. आणि ही कला मावशीने आयुष्यात एकाच उजव्या हाताला शिकवली होती, लग्नाच्या पहिल्या वर्षी, हसत हसत.

“ही कुणी बंद केली?” तिने विचारलं.

काकांनी थापा मारल्या नाहीत, तेवढं त्यांच्या पदरात टाकते. ते म्हणाले, “मी. मधेमधे बदलत होतो. तुझ्याच बाटलीतल्या क्षाराने भरायचो.”

“आकडा घसरला होता?”

“नाही गं. घसरला असता. सगळ्यांचाच घसरतो. तू एवढी खूश होतीस, तुला रडताना बघवलं नसतं मला.”

“म्हणजे घसरायच्या आधीच बदललीस?”

खालच्या खणातून काकांनी जुनी नळी काढून दिली, मावशीच्या हातचा पीळ असलेली. मावशीने ती टाकीत सोडली. दुधाळ झाली ती बरोबर त्याच आकड्यावर. काकांचा चेहरा उजळला. “बघ, तोच!”

“खणात गार पडून होती ती,” मावशी म्हणाली. “गारव्यात कुणाचाच क्षार नासत नाही. माझी रीत खरी होती का खोटी, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. परक्याने केलं असतं तर मी त्याचं नरडं धरलं असतं. तुझं काय धरू?”

दुसऱ्या दिवशी तज्ज्ञांसमोर ती एवढंच म्हणाली, “ही नळी माझी नाही. दाखवण्यासारखं माझ्याकडे काही नाही.” काकांचं नाव तिने घेतलं नाही. लोकांनी तिलाच नावं ठेवली. मला तेव्हा काकांचा जो संताप आला तो अजून पुरता गेलेला नाही. प्रेमापोटी केलं म्हणे! समोरच्यावर काडीचाही विश्वास नसलेलं कसलं आलंय प्रेम?

मावशीने पुन्हा नळी भरली. टाकीच्या खोलीची किल्ली स्वतःच्या गळ्यात अडकवली. पाणी तीच निववी, आकडा तीच बघे. घरी काका विचारत, “काय म्हणतेय नळी?” आणि ती म्हणे, “तुला काय करायचंय?” ताट वाढायची, औषध आठवणीने द्यायची, पण कामाचा शब्द नाही.

पाऊणेक वर्षाने एका संध्याकाळी ती घरी आली, चपला काढल्या आणि काकांच्या समोरच्या खुर्चीत बसली.

“घसरला,” ती म्हणाली.

काकांच्या डोळ्यांना धार लागली. त्यांनी तिचा हात धरायला हात पुढे केला. मावशीने हात मागे घेतला. तिचे डोळे कोरडेठाक होते.

“हेच बघवणार नव्हतं ना तुला?” ती म्हणाली. “बघ. नीट बघ. मी रडतेय का?”