भालकीचं रेकॉर्डिंग

शनिवारी सकाळी लातूर सोडलं तेव्हा आभाळ भरून आलेलं होतं. ऐन थंडीत असं आभाळ ढोलाला चांगलं नाही. कातडं सादळतं आणि थाप पडली की ढोल नुसता भद्द करतो. पण दोन दिवसांची सुट्टी महिनाभर आधी मागून ठेवलेली, आता आभाळाचं तोंड बघून कोण घरी बसतो!

मी वाजवणारा नाही, हे आधीच सांगतो. लातूरला चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. एका बाजूला चष्मे, एका कपाटात कानाची मशीनं. गेली सहा वर्षं मला एकच खूळ आहे, मंठाळच्या मल्लाप्पांचा ताफा जिथं वाजवेल तिथं जायचं. सात ढोल आणि दोन कैताळ (मोठ्या पितळी झांजा). धनगर घरांतली माणसं, एरवी दुसऱ्याच्या रानात रोजाने जातात आणि जत्रांच्या दिवसांत वाजवतात. ठरवून काहीच वाजवत नाहीत. मल्लाप्पा एक चाल टाकतात, दुसरा उचलतो, तिसरा मोडतो, आणि हे भांडण तासभर चालतं. शनिवारी वाजलेलं रविवारी परत ऐकायला मिळत नाही. म्हणून माझ्यासारखे खुळे फोन उंच धरून रेकॉर्डिंग करतात आणि आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतात. लातूर, उदगीर, भालकी, औराद अशी दीड-दोनशे माणसं आहेत त्यात.

त्या ग्रुपवरचं सगळ्यात गाजलेलं रेकॉर्डिंग माझं, गेल्या वर्षीच्या भालकीच्या जत्रेतलं. त्यात ऐन भरात मल्लाप्पांचा ढोल थांबतो. कैताळ तेवढे बारीक वाजत राहतात. गर्दीतून कुणीतरी ‘आप्पा, आप्पा’ म्हणून खूश होऊन ओरडतं. आणि मग मल्लाप्पा असे भलत्याच ठिकाणाहून परत शिरतात, की सगळा ताफा एका थापेत त्यांच्या मागे वळतो. त्यानंतर ताफा कुठंच उभा राहिला नव्हता, म्हणून मी तेच कितीदा ऐकलं त्याचा हिशेब नाही. बायको म्हणते, त्या माणसाने हात थांबवला तरी तुम्ही ऐकतच बसता.

उदगीरला गाडी बदलली. कमलनगर आलं की पाट्या कानडी होतात, पण गाडीतलं बोलणं तेच राहतं. दोन्ही बाजूंना सोयाबीन निघालेली काळी रानं, मधे उभी ज्वारी, बांधावर तुरीच्या पेंढ्या. सगळ्यावर राखेसारखा उजेड. मी इयरफोन घालून भालकी ऐकत बसलो आणि जत्रेसाठी जिथं उतरायचं ते संतपूर मागे पडलं. कंडक्टरने म्हणे दोनदा हाक मारली होती. पुढच्या फाट्यावर उतरवताना तो म्हणाला, “कान घरी ठिवून आलाव का अण्णा?” दोन मैल उलटं चालत आलो, मनातल्या मनात त्यालाच शिव्या देत.

जत्रा गावाबाहेरच्या माळावर होती, बिरोबाची. देवळापुढे दुकानं मांडलेली, पाळणा एकच, तोही थांबलेला. एका अक्काच्या पालात सुसला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा तिखट प्रकार) आणि मिरची भजी खाल्ली. अक्का जातीने वाढत होती. तुम्ही कधी त्या बाजूला गेलात तर सुसला जरूर खा, पण मिरची जपून.

दुपारी ताफा उभा राहिला. एक गोष्ट लगेच खटकली. मल्लाप्पांचा मुलगा रेवण कैताळ वाजवतो. तो नेहमी बापाच्या मागे असायचा, आज बरोबर तोंडासमोर उभा होता. मला वाटलं, पोरगा शेफारला. सहाही ढोलकरी बापाकडे न बघता त्याच्याकडे बघत होते.

मी फोन काढला. पहिल्या दहा-बारा थापांतच ओळख पटली. हे मला पाठ होतं! भालकीचंच वाजत होतं, थाप न थाप. एका ढोलकऱ्याची भालकीला टिपरी निसटली होती, ती चूकसुद्धा जशीच्या तशी वाजली. ऐन भरात मल्लाप्पा थांबले, कैताळ बारीक झाले, आणि मल्लाप्पा त्याच भलत्या ठिकाणाहून परत शिरले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी फोन खिशात घातला.

राग आला, खोटं कशाला सांगू? ज्या माणसाने एकदा वाजवलेलं परत कधी वाजवलं नाही, तो स्वतःची नक्कल करत होता. अक्काच्या पालात चहा घेतला आणि दिवस मावळायच्या आत ग्रुपवर लिहून टाकलं, ‘संपलं. मंठाळवाले रेकॉर्डिंग पाठ करून वाजवतात. उद्याची खेप वाया घालवू नका.’ उदगीरच्या एकाने रडका चेहरा टाकला, भालकीच्या एकाने लिहिलं की बरं झालं सांगितलं. कुणीतरी ते आणखी चार ग्रुपांवर पाठवलं. मला त्यात थोडं मोठेपण वाटलं, हेही कबूल करतो. मग औरादच्या लॉजवर जाऊन झोपलो.

रविवारी सकाळी माळावर परत गेलो ते मल्लाप्पांना तोंडावर विचारायला. ताफ्याने देवळामागे तुराट्यांचा (तुरीच्या वाळक्या काड्यांचा) जाळ केला होता आणि सादळलेले ढोल त्याच्याभोवती शेकायला मांडले होते. मल्लाप्पा माझ्याकडे पाठ करून एकेका ढोलावर तळवा ठेवून बघत होते. मी मागून म्हणालो, “आप्पा, राम राम.” त्यांनी वळून बघितलं नाही. परत म्हणालो, जरा चढ्या आवाजात. नाहीच. मनात म्हटलं, एवढा ताठा?

रेवणने मला दंडाला धरून बाजूला नेलं.

“हाका मारून उपेग न्हाई अण्णा. आप्पाला ऐकू येत न्हाई.”

“कधीपासून?”

“भालकीपासनं. एक कान आदीच गेल्ता, आमाला बोलला न्हाई. तितं वाजवता वाजवता दुसराबी गेला. हात थांबला तेचा. मला वाटलं चक्कर आली. मग तेनं अंदाजानं थाप टाकली, ती भलतीकडंच पडली. आमी सगळे पळत तेच्या मागं गेलाव.”

“मशीन?” माझ्या तोंडून दुकानातलाच प्रश्न निघाला.

“बिदरला नेऊन लावलं की. ढोल तेच्यात फाटल्यागत वाजतोय म्हनला, काढून ठिवलं.” त्याने जाळात काड्या सारल्या. “आता नवं कायबी वाजवलं की तेला कळत न्हाई आमी कुठं चाललाव ते. पर भालकीचं तेच्या हातात हाय. शेवटी ऐकलेलं ना ते, एक थाप चुकत न्हाई. मग आमी तुमचं रेकॉर्डिंग लावून शिकलाव, जसंच्या तसं. मी म्होरं हुबारतो आन् कैताळ दावून तेला वाट सांगतो. तुमचं रेकॉर्डिंग नसतं तर आप्पा घरी बसला असता. लई उपकार झाले बगा तुमचे.”

तो आभार मानत होता. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

“कुनाला सांगू नगा,” रेवण म्हणाला. “भैऱ्याला ढोल वाजवायला कोन बोलवंल? आज पंच ठरवनार हायेत, म्होरल्या साली आमाला बोलवायचं का न्हाई ते. गर्दी बगून ठरवतेत. आयतवारी लोक येतेतच म्हना. तुमच्या ग्रुपवालेबी येतेत न्हवं?”

मी मान हलवली. दुसरं काय करणार होतो?

देवळाच्या पलीकडे जाऊन फोन काढला. कालचं लिहिलेलं पुसलं, पण वाचलेलं कसं पुसणार? ‘चूक झाली, या, जरूर या,’ असं लिहिलं. औरादच्या एकाने विचारलं, ‘काल नक्कल, आज काय झालं?’ खरं कारण लिहिता येत नव्हतं. ‘आज चांगलं वाजणार आहे,’ एवढंच लिहिलं. त्यावर तिघांनी हसणारे चेहरे पाठवले. दोघा-तिघांना फोन लावले. एक जण शेतावर निघाला होता, बाकीच्यांनी उचललाच नाही.

दुपारी रिंगण धरलं तेव्हा भोवती चाळीसेक माणसं असतील. त्यातली निम्मी गावची पोरंटोरं, पाळणा बंद म्हणून आलेली. ग्रुपमधलं एकही ओळखीचं तोंड नव्हतं. पंच खुर्च्यांवर बसून रिकाम्या माळाकडे बघत होते. मी अगदी पुढे उभा राहिलो. फोन काढला नाही, काढवला नाही.

ताफा कालच्याइतकाच जीव तोडून वाजवत होता. ती जागा आली. मल्लाप्पांचे हात थांबले. पाऊस नाही, वारा नाही, कैताळांची बारीक किणकिण तेवढी. मल्लाप्पांची नजर रेवणच्या हातांना चिकटलेली, अनोळखी गावात रस्ता विचारणाऱ्या माणसासारखी. रेवणने कैताळ डोक्यावर नेले आणि मल्लाप्पांची थाप पडली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आजूबाजूच्या कुणाला काही कळलं नाही, दोघे-चौघे तर तेवढ्यात उठून गेले.

शेवटी पंचांतल्या म्हाताऱ्याने रेवणच्या हातात नारळ दिला आणि म्हणाला, “म्होरल्या साली बगू.” असं बगू म्हणजे काय, ते सगळ्यांना कळत होतं. रेवणने वाकून पाया पडून घेतलं.

मी निरोप घ्यायला मल्लाप्पांसमोर गेलो. त्यांनी ढोल उतरवून जमिनीवर टेकवला आणि मलाच विचारलं, बहिरी माणसं बोलतात तसं जरा मोठ्याने, “आज फोन कामून न्हाई काढलास?”

मी हाताने सांगितलं, बॅटरी संपली.

“काल तर हुती,” ते म्हणाले. “काल काढलास आन् मदीच खिशात घातलास. मी बगितलो.” मग माझ्या दंडावर हात ठेवून म्हणाले, “जाऊ दे लेका. भाकर खाल्लास का न्हाई?”

त्यांनीच फडकं सोडलं. ज्वारीची भाकरी आणि पुंडी (अंबाडीची भाजी). बापलेकांबरोबर बसून खाल्ली. पुंडी आंबट असते म्हणून बरं, डोळे ओले झाले तरी कुणी विचारत नाही. मल्लाप्पा माझ्या ताटात भाकरी टाकत राहिले आणि मी नको म्हणू शकलो नाही.

परतीच्या गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली. आभाळ तसंच होतं, पडायचंही नाही आणि उघडायचंही नाही. या वाटेने मी सहा वर्षं येतोय, रविवारी परतताना फोनमध्ये काहीतरी नवं असायचं. या खेपेला काही नव्हतं. आपण ज्याच्यावर एवढा जीव टाकतो त्याच्याकडे आपण कधी नीट बघतच नाही, हे मला कळायला इतकी वर्षं लागली, आणि तेही कपाटभर कानाची मशीनं विकून. ग्रुपवर कुणीतरी विचारलं होतं, ‘मग, कसं झालं?’

कमलनगरच्या पुढे कधीतरी इयरफोन घातले आणि भालकी लावली. ढोल थांबला. बारीक कैताळ. आणि ते ओरडणं. गर्दीतलं कुणी नव्हतं ते. तो रेवणचा आवाज होता, अगदी जवळून, घाबरलेला. “आप्पा.” मग जरा मोठ्याने, “आप्पा!” वर्षभर मी त्यावर खूश होत आलो होतो. रेवणने तिसऱ्यांदा हाक मारली, आणि तिलाही कुणी ओ दिली नाही.