निरोपातला ‘मी’

“अगंबाई! मग कितवा महिना?” डॉक्टरांनी मला विचारले. खोली हसली. कंपाउंडर तर टेबलाला धरून हसला.

मी पुरुष. मिशा असलेला, शाळेत मास्तर. मी एवढेच म्हटले होते : “माझ्या अंगावरून फार जाते. काल विहिरीवर चक्कर येऊन पडले.”

शब्द माझे नव्हते. शेजारी बाकावर बसलेल्या, एडवणला मासळी सुकवणाऱ्या बाईचे होते. एकोणीसशे साठच्या दशकातली गोष्ट. पालघरच्या त्या दवाखान्यातले डॉक्टर घाटावरचे. किनाऱ्यावरची बोली त्यांना कळत नसे, त्यांची मराठी आमच्या बायांना. मी चिंचणीचा, मच्छीमाराच्या घरातला. शनिवारी शाळा सुटली की दुभाष्या म्हणून तिथे उभा राही. बिनपगारी. बाकावर ‘बस’ असेही कोणी म्हणत नसे.

आमच्यात निरोप ज्याचा, त्याच्याच शब्दांत सांगतात. बाईचा असेल तर ‘मी पडले’ असेच म्हणायचे. मी तसेच बोले. म्हणून तिथे माझे नाव ‘मास्तरीणबाई’ पडले.

ते मी गिळत होतो. रक्त, पडलेले गर्भ, मेलेली मुले, सारे ‘मी’ म्हणून बोलायचे आणि घरी जाऊन जेवायला बसायचे.

डॉक्टरांनी नाकाला रुमाल लावला. “सांग हिला, जनावरंसुद्धा इतकी वीत नाहीत. मासळीसारखी अंडी घालता तुम्ही लोक.”

हेही ‘मी’ म्हणूनच, माझ्या तोंडून, तिला ऐकवायचे होते. तिच्या पायाशी लादीवर रक्त ठिबकत होते.

“काय बोलला डाक्तर, मास्तर?”

“शिवी दिली. ती मी सांगनार नाय.”

“नको सांगू. शिव्या घरी पन मिलतात, त्यासाठी इतक्या लांब कशाला येऊ? रगत थांबल का, ता इचार.”

मी डॉक्टरांकडे वळलो. “माझे रक्त थांबेल का?”

“आधी मी म्हणालो ते सांग.”

“नाही.”

“मग चालता हो. दुसरा आणीन.”

“आणा. तोवर हिला तपासा. मी हलणार नाही.”

कोणी हसले नाही. डॉक्टरांनी नर्सला हाक मारली. बाईला आत नेले.

माफी त्यांनी मागितली नाही, मीही नाही. पुढच्या शनिवारी पुन्हा गेलो. दारातच डॉक्टरांना सांगितले : दुखणे तुमच्यापर्यंत आणीन, औषध तिच्यापर्यंत नेईन. शिवी नेणार नाही. ज्याला द्यायची असेल त्याने आमची बोली शिकावी, आणि तिच्या डोळ्यांत पाहून स्वतः द्यावी.