मन्मथअप्पांचा इमू

श्रीशंभूच्या चरणी मस्तक ठेवून, माझे शेजारी मन्मथअप्पा यांच्या निधनानिमित्त हे लिहीत आहे. शांत चित्ताने लिहावे असा प्रयत्न आहे. चित्त मात्र ऐकत नाही.

अप्पांनी मुरुडच्या शाळेत आयुष्यभर जीवशास्त्र शिकवले. मध्यंतरी आपल्याकडे गावोगावी इमू पाळण्याची लाट आली होती. पुढे गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा पाळणाऱ्यांनी जाळ्या उघडल्या आणि पक्षी माळावर हाकलून दिले. इमूला उडता येत नाही. पळण्यात तो बलवान, पण तारेच्या कुंपणाला अडकला की कुत्री त्याला जिवंत फाडत. त्यांतली एक जोडी अप्पांनी सोडवून परसात आणली. मी म्हणालो, "अप्पा, उडत नाही तो कसला पक्षी?" ते म्हणाले, "हात घालून बघा शास्त्रीबुवा, पंख हाय की. तुमच्या शेंडीवानी... हाय, पण कामाचा न्हाई!"

शेवटची भेटही त्या जाळीपाशीच झाली. मादी गर्द हिरवी अंडी घालून बाजूला झाली होती आणि नर उबवायला बसला होता. अप्पा हलक्या आवाजात म्हणाले, "आता पिलं निघंपर्यंत हा दाण्याला तोंड लावणार न्हाई. बाप हाय तो. कुणाला उठवू देऊ नका." त्याच आठवड्यात अप्पा गेले.

त्यांच्या समाजाच्या रीतीप्रमाणे त्यांना समाधीत बसवले, भस्म लावले, बेल वाहिला. आम्ही परतलो तो परसाच्या दाराशी धाब्यावाल्याचा टेम्पो उभा, आणि त्यात पाय बांधलेला नर. अप्पांचा पुतण्या शिवराज याने फोन करून तो बोलावला होता.

"मरायला टेकलं होतं ते," शिवराज म्हणाला. "काल मका टाकला, बघितलंबी न्हाई. सडू द्यायचं का?"

"तो अंड्यांवर बसला होता, शिवराज. तुझ्या काकांनी त्याला उठवू नका म्हणून सांगितले होते."

"काका गेले. आता सांगणारे तुम्ही कोण?"

मी टेम्पोसमोर बसलो. बराच वेळ शिव्या ऐकल्या, पण उठलो नाही. अखेर त्यांनी पक्षी उतरवला. दोर सुटताच तो जाळीच्या टोकाला पळाला आणि तिथेच उभा राहिला. अंड्यांकडे फिरकला नाही... त्या दिवशीही नाही, नंतरही नाही. मी हात लावून पाहिले. अंडी गार पडली होती.

पुढे शोकसभा झाली. फलकावर अप्पांचे छायाचित्र, खाली मोठ्या अक्षरांत 'पक्षिमित्र'. ज्यांनी आपले इमू माळावर हाकलले होते, तेच एकामागून एक बोलत होते, "लई जीव होता बघा सरांचा पाखरांवर!" शिवराजने तर डोळे पुसले. मग माझे नाव पुकारले. मी उपरण्यातून एक अंडे काढले, हारांशेजारी ठेवले आणि म्हणालो, "मका खात नव्हता, म्हणून याच्या बापाला धाब्यावर पाठवत होते." एवढे बोलून खाली उतरलो. तेव्हापासून ते घर माझ्याशी बोलत नाही. मीही बोलणार नाही.

वाचकहो, आपल्या घरात धान्य राहो, लेकरेबाळे सुखी राहोत. आणि उबवायला बसलेला कोण व मरायला टेकलेला कोण, हे ओळखणारी दृष्टी शंभू आपणा सर्वांना देवो.